जादा वेळ: थरार आणि उत्तराचा हक्क

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

अमेरिकन फुटबॉलवर व्याख्यान आहे म्हटल्यावर समोर दहा-बारा माणसं असतील अशी आमची तयारी होती. त्या मानानं बरीच मंडळी दिसताहेत. तेव्हा सुरुवातीलाच एक समझोता करू. ज्यांना हा खेळ तोंडपाठ आहे त्यांनी पहिली पाच मिनिटं आम्हाला सांभाळून घ्यावं, आणि ज्यांनी तो कधी बघितलाच नाही त्यांनी उरलेला वेळ.

विषय तसा छोटा आहे. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल. तिथे साठ मिनिटांचा सामना संपला आणि गुण सारखेच राहिले, तर पुढे काय करायचं? एवढाच प्रश्न. पण या प्रश्नाचं उत्तर लीगनं इतक्यांदा बदललं आहे, आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी एका संध्याकाळच्या आरडाओरड्यानंतर बदललं आहे, की त्यावरून थरार म्हणजे नेमकं काय याचा अंदाज बांधता येतो. आज तेच करायचं आहे.

आधी खेळ. मैदान १०० यार्डांचं. ज्याच्या हातात चेंडू त्या संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये १० यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा नवे चार. असं रेटत रेटत पलीकडच्या टोकाला पोचलात की टचडाऊन, त्याचे ६ गुण, वर एका किकचा १. तिथवर पोचणं जमत नाही असं दिसलं तर लांबूनच दोन खांबांमधून चेंडू मारायचा, तो फील्ड गोल, त्याचे ३. तेवढंही अंतर आवाक्यात नसेल तर चौथ्या डाऊनला चेंडू दूर भिरकावून समोरच्याच्या स्वाधीन करायचा, म्हणजे पंट. प्रत्येक संघात दोन वेगळ्या फळ्या असतात, आक्रमणाची एक आणि बचावाची एक. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. समोरच्याकडे चेंडू असला की तो बाजूला बाकावर बसून राहतो. हे बाकावर बसणं लक्षात ठेवा, सगळं रामायण त्यावरूनच झालं आहे.

आता जादा वेळ. १९७४ मध्ये लीगनं साध्या, साखळी सामन्यांनाही जादा वेळ लागू केला. पंधरा मिनिटं, आणि जो पहिला गुण मिळवेल तो जिंकला. सडन डेथ. बाद फेरीच्या सामन्यांना हा नियम त्याआधीपासून होता. म्हणजे नाणेफेक जिंकायची, चेंडू घ्यायचा, चाळीस-पन्नास यार्ड सरकायचं, फील्ड गोल मारायचा आणि घरी जायचं. समोरच्याला चेंडू मिळालाच पाहिजे असं काही नाही.

आपल्याकडे खो-खो बघत वाढलेल्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकताना चुकल्यासारखं वाटतं. खो-खोत बरोबरी झाली की अलाहिदा डाव. त्यातही कोंडी फुटली नाही तर लघुत्तम आक्रमण, पहिला गडी कोण कमी वेळात टिपतो ते बघायचं. पण दोन्ही संघांना पाठलाग मिळतो, दोघांनाही पळावं लागतं. यात काही मोठा न्याय केला आहे असं कुणाला वाटतसुद्धा नाही, तो खेळच तसा आहे. तेव्हा आम्हीही बरीच वर्षं अमेरिकनांच्या या नियमाला हसत होतो. मग जुने सामने वाचायला-बघायला लागलो आणि हसणं थोडं कमी झालं.

कारण सडन डेथनं या खेळाला मोठं केलं, हे नाकारता येत नाही. २८ डिसेंबर १९५८, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, अजिंक्यपदाचा सामना, बाल्टिमोर कोल्ट्स विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स. शेवटची काही सेकंद उरली असताना बाल्टिमोरच्या स्टीव्ह मायरानं फील्ड गोल मारून १७-१७ अशी बरोबरी केली. अजिंक्यपदाच्या सामन्यात जादा वेळ ही गोष्ट तोवर कधी घडली नव्हती. नाणेफेक न्यूयॉर्कनं जिंकली. चेंडू त्यांना मिळाला. तीन डाऊनमध्ये दहा यार्ड झाले नाहीत, पंट केला. मग जॉनी युनायटसनं ८० यार्डांची चढाई रचली. गंमत बघा, समोरच्या टोकापासून आठ-नऊ यार्डांवर आल्यावर फील्ड गोल मारून सामना संपवता आला असता. मारला नाही. पुढे खेळत राहिले, आणि अ‍ॅलन अमीचीनं एक यार्डावरून आत घुसून २३-१७ असा विजय मिळवला. मध्येच टीव्हीचं प्रक्षेपण काही वेळ बंद पडलं होतं, त्याचीही एक दंतकथा झाली. आजही त्या सामन्याचं नाव घेताना अमेरिकन माणूस आवाज खाली आणतो.

आता यात काय घडलं? नाणेफेक जिंकणारा हरला. चेंडू दोघांकडे गेला. नियमानं तशी हमी दिली नव्हती, पण खेळानंच ती दिली, कारण त्या काळात गुण मिळवणं अवघड होतं. १९७१ च्या नाताळच्या दिवशीचा मायामी डॉल्फिन्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांचा सामना घ्या. ८२ मिनिटं ४० सेकंद चालला, दुसऱ्या जादा सत्रात गारो येप्रेमियननं ३७ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलनं संपला, २७-२४. एनएफएलमधला सर्वांत लांब सामना. तोही सडन डेथच. पण कॅन्सस सिटीचा यान स्टेनरुड, त्या काळातल्या नावाजलेल्या किकरांपैकी एक, त्याच दिवशी ऐन वेळी चुकला. चेंडू पुन्हा पुन्हा हात बदलत होता. म्हणून ते लांबणं लांबण लावणं वाटत नव्हतं.

इथे आमचं म्हणणं सांगून टाकतो. सामना कोणत्याही क्षणी संपू शकतो, म्हणून धाकधूक होते असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. धाकधूक टिकते ती समोरच्याकडे अजून उत्तर शिल्लक आहे तोवर. १९५८ मध्ये आणि १९७१ मध्ये उत्तर शिल्लक राहत होतं. नियमामुळे नव्हे, किकरांच्या कच्च्या पायांमुळे.

मग पाय पक्के झाले. १९७४ मध्ये लीगभरातले फील्ड गोलचे प्रयत्न ६० टक्क्यांच्या आसपास यशस्वी होत. अलीकडे ते प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास असतं. दुसरी गोष्ट, किकऑफ. सुरुवातीचा चेंडू जिथून मारतात ती रेघ १९९४ मध्ये ३५ यार्डांवरून ३० वर, म्हणजे पाच यार्ड मागे नेली. साहजिकच चेंडू घेणाऱ्याची सुरुवात पुढून होऊ लागली. पाच यार्ड ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण पहिल्या वीस वर्षांत नाणेफेक जिंकणारे आणि हरणारे जवळजवळ सारख्याच वेळा सामना जिंकत होते, आणि १९९४ ते २००९ या काळात नाणेफेक जिंकणाऱ्यांच्या विजयाचं प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ गेलं. जादा वेळेचा नियम मात्र अक्षरानं बदलला नव्हता. कागदावर नियम तोच, आणि त्याखालचा खेळ सगळा वेगळा. एखादं जुनं नाटक तसंच्या तसं ठेवावं आणि दरम्यान नाट्यगृहाची लांबी-रुंदीच बदलून जावी, तसं काहीसं.

नाणेफेकीला इतकं वजन आलं की तिचीच नाटकं होऊ लागली. १९९८ च्या थँक्सगिव्हिंगला पिट्सबर्ग विरुद्ध डेट्रॉइट. जादा वेळेची नाणेफेक. पिट्सबर्गच्या जेरोम बेटिसनं हाक दिली, पंचांना ऐकू आलं 'छापा', बेटिस म्हणतो मी 'काटा' म्हणालो. पडला काटा. चेंडू डेट्रॉइटला. पहिल्याच चढाईत फील्ड गोल, सामना खलास, १९-१६. नंतर ध्वनिमुद्रण तपासलं तर एका शब्दाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट, असं काहीतरी निघालं! लगोलग नियम आला, नाणं हवेत जाण्याआधीच हाक द्यायची. आमच्या मते या घटनेचं महत्त्व वेगळं आहे. साठ मिनिटं धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळली आणि निकाल कशावर, तर एका अर्धवट उच्चारावर. तेव्हा लीगनं उच्चार दुरुस्त केला. उच्चाराला इतकी किंमत का आली, हे विचारायला आणखी बारा वर्षं लागली.

ती वेळ आली २४ जानेवारी २०१० ला. न्यू ऑर्लिन्स सेंट्स विरुद्ध मिनेसोटा वायकिंग्ज, सुपर बोलमध्ये कोण जाणार याचा सामना. मिनेसोटानं ४७५ यार्ड मिळवले होते, न्यू ऑर्लिन्सनं २५७. अर्थात मिनेसोटानं पाच वेळा चेंडू गमावलाही होता, आणि अगदी शेवटी, फील्ड गोलच्या टप्प्यात आल्यावर ब्रेट फाव्हरनं समोरच्याच्या हातात चेंडू फेकला. म्हणजे रडायला त्यांना फारशी जागा नव्हती. पण जादा वेळेत नाणेफेक न्यू ऑर्लिन्सकडे, मग ४० यार्डांचा फील्ड गोल, ३१-२८, आणि फाव्हर बाकावर. दोन महिन्यांत संघमालकांनी २८ विरुद्ध ४ मतांनी बाद फेरीपुरता नियम बदलला. पहिल्या चढाईत नुसता फील्ड गोल झाला तर दुसऱ्यालाही चेंडू मिळेल. टचडाऊन झाला तर सामना तिथेच संपेल. २०१२ पासून हेच साखळी सामन्यांनाही लागलं. त्या चार विरोधी मतांमध्ये एक मिनेसोटाचं होतं, आणि एक बफलोचं. बफलो लक्षात ठेवा.

या नव्या नियमाखालचा पहिलाच सामना आमच्या म्हणण्याच्या मुळावर येतो, तो लपवून ठेवणं बरं नव्हे. ८ जानेवारी २०१२, डेन्व्हर विरुद्ध पिट्सबर्ग. जादा वेळेची पहिलीच खेळी. टिम टीबोनं चेंडू फेकला, डिमॅरियस थॉमसनं तो पकडला आणि ८० यार्ड पळत गेला. ११ सेकंद. पिट्सबर्गला चेंडू दिसलासुद्धा नाही. आणि स्टेडियमात काय झालं ते तुम्ही चित्रफितीत बघा, लोक वेडे झाले होते. मग उत्तराचा हक्क वगैरे कुठे गेला?

आम्ही यावर पुष्कळ डोकं खाजवलं. आमचं उत्तर असं, की तो धक्का होता, धाकधूक नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही हव्याशा आहेत. पण धक्का नियमाच्या जिवावर मिळत नाही, तो कुठल्याही नियमाखाली मिळतो. नियम करणाऱ्याच्या हातात असते ती धाकधूक. तुम्हाला हे पटलं नाही तर प्रश्नोत्तरांत भांडा.

आता २३ जानेवारी २०२२. आपल्याकडे सोमवारची पहाट. कॅन्सस सिटी आणि बफलो. आम्ही आजवर पाहिलेल्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या सामन्यांत त्या शेवटच्या दोन मिनिटांना तोड नाही. कॅन्सस सिटी २६-२१ नं पुढे. चौथ्या डाऊनला, हरायच्या काठावर असताना, बफलोचा जॉश अ‍ॅलन टचडाऊन देतो, वर दोन गुणांची खेळीही साधते, २९-२६. पॅट्रिक महोम्स टायरीक हिलकडे चेंडू देतो, ६४ यार्ड, ३३-२९. अ‍ॅलन पुन्हा येतो, गेब्रियल डेव्हिसचा त्या दिवसातला चौथा टचडाऊन, ३६-३३. घड्याळात १३ सेकंद. तेरा! आता संपलं असं म्हणून आम्ही चहा टाकायला उठलो होतो. दोन खेळ्यांत ४४ यार्ड, ४९ यार्डांवरून फील्ड गोल, ३६-३६. दोन मिनिटांत दोघांनी मिळून २५ गुण.

यात प्रत्येक वेळी काय होत होतं? एकानं बोलायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. सवाल-जवाब रंगात आला होता. मग जादा वेळ. अ‍ॅलननं काटा मागितला, पडला छापा. कॅन्सस सिटीची चढाई, ७५ यार्ड, ट्रॅव्हिस केल्सीचा टचडाऊन, ४२-३६. सवाल झाला आणि जवाब देणाऱ्याचा माइकच काढून घेतला. त्या पहाटे आम्ही कॅन्सस सिटीच्या बाजूनं होतो, हे कबूल करतो. आणि जिंकल्यावर जे वाटलं त्याला आनंद म्हणता येईना.

इथे नेहमी एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. बचाव हाही खेळाचा अर्धा भाग आहे, बफलोच्या बचावानं अडवायचं होतं, कुणी हात धरले होते का? ज्यांना खेळ कळतो तेच हे म्हणतात. बाकावर बसलेल्या देखण्या क्वार्टरबॅकसाठी टाहो फोडणाऱ्यांपेक्षा त्यांचं म्हणणं जास्त वजनाचं आहे. खरं सांगायचं तर नियम बदलायची मागणी फाव्हर, महोम्स, अ‍ॅलन अशी नावं बाकावर बसली तेव्हाच मोठी का झाली, हा प्रश्न आम्हालाही छळतो. टीव्हीला जो हवा तो मैदानात हवा, असला हिशेब त्यात नाही असं कोण म्हणेल?

पण आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते बचावाच्याच बाजूनं आहे. बफलोच्या बचावाची परीक्षा झाली, तो नापास झाला, मान्य. कॅन्सस सिटीच्या बचावाची कुठे झाली? त्याच बचावानं मघाच्या दोन मिनिटांत दोन टचडाऊन दिले होते. जादा वेळेत त्यांना मैदानात यावंच लागलं नाही. बचाव अर्धा खेळ आहे ना? मग जिंकणाऱ्या संघालाही तो अर्धा खेळ खेळायला लावा. अन्याय बाकावरच्या अ‍ॅलनवर झाला असं सगळे म्हणाले. आम्ही म्हणतो, खरी गैरसोय वेगळीच: विजेत्याचा कच्चा भाग झाकला गेला.

२०१७ च्या सुपर बोलमध्येही हेच. अटलांटा २८-३ नं पुढे होता, न्यू इंग्लंडनं २८-२८ केलं, सुपर बोलच्या इतिहासातला पहिला जादा वेळ, नाणेफेक न्यू इंग्लंडची, ७५ यार्ड, ३४-२८. न्यू इंग्लंडनं त्या दिवशी एकूण ९३ खेळ्या केल्या. म्हणजे अटलांटाचा बचाव तेवढ्या वेळा उभा राहून थकला होता, आणि नाण्यानं त्यांनाच पुन्हा उभं केलं. २०१९ मध्ये न्यू इंग्लंडनं कॅन्सस सिटीला असंच घालवलं, तेव्हा महोम्स बाकावर होता. त्यानंतर नियम बदलायचा प्रस्ताव मांडला कॅन्सस सिटीनं, तो पुढे सरकला नाही, आणि तीन वर्षांनी त्याच न बदललेल्या नियमाचा लाभ त्यांनाच झाला. असो.

२०१० ते २०२२ या काळात बाद फेरीत १२ सामने जादा वेळेत गेले, त्यांतले १० नाणेफेक जिंकणाऱ्यानं जिंकले, ७ तर पहिल्याच चढाईत. बफलोच्या सामन्यानंतर दोन महिन्यांत २९ विरुद्ध ३ मतांनी ठरलं: बाद फेरीत पहिल्या चढाईत काहीही होवो, दुसऱ्याला चेंडू मिळणारच. त्यानंतरही बरोबरी राहिली तर मग सडन डेथ. मिनेसोटा पुन्हा विरोधात! यांचा स्वभाव आम्हाला कळलेला नाही. (हशा)

आता तुम्ही म्हणाल, न्याय झाला, पण थरार? समान संधी दिली की थरार आपोआप येतो असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये १९९६ पासून दोघांनाही समोरच्या टोकापासून २५ यार्डांवर चेंडू देतात, आळीपाळीनं. २०१८ मध्ये टेक्सस ए अँड एम आणि एलएसयू यांचा सामना सात जादा फेऱ्या चालून ७४-७२ असा संपला. पुढे सामने आटोपशीर व्हावेत म्हणून तिसऱ्या फेरीपासून फक्त दोन गुणांची एकेक खेळी खेळायची असं ठरलं. त्याच वर्षी, २०२१ मध्ये, इलिनॉय आणि पेन स्टेट नऊ फेऱ्या खेळले. तिसरीपासून सातवीपर्यंत एकालाही गुण नाही. शेवट २०-१८. न्याय अगदी तराजूत तोललेला, आणि बघणाऱ्याला जांभया. कारण मैदानच काढून घेतलं. १०० यार्डांतली ती रेटारेटी, चौथ्या डाऊनला धाडस करायचं की पंट करायचा ही चलबिचल, घड्याळाचा धाक, सगळं गेलं आणि उरली टेनिस टायब्रेकची एक विचित्र नक्कल. क्रिकेटमध्ये २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सुपर ओव्हरही बरोबरीत गेली आणि चौकार-षटकार मोजून इंग्लंडला विजयी ठरवलं, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या मनात हेच आलं होतं ना? खेळ थांबवून मोजणी चालू केली की मजा जाते. आयसीसीनं तो नियम नंतर रद्द केला, चांगलं केलं.

एनएफएलनं मात्र मैदान शाबूत ठेवलं. आणि त्याचं फळ ११ फेब्रुवारी २०२४ ला लास व्हेगासमध्ये मिळालं. सुपर बोल, कॅन्सस सिटी विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को, १९-१९. इथे सोमवारचे सकाळचे नऊ वाजून गेले होते, आमच्या घरात दोन माणसं कामावर उशिरा पोचणार हे नक्की झालं होतं. नाणेफेक सॅन फ्रान्सिस्कोनं जिंकली आणि चेंडू आधी घेतला. का? प्रशिक्षक काईल शॅनहननी सांगितलं, की दोघांनी एकेकदा गुण घेतले तर तिसरी चढाई, म्हणजे सडन डेथची, आमच्या हातात राहावी. विचार वाईट नाही. पण त्यांच्या काही खेळाडूंनी सामन्यानंतर कबूल केलं, की बाद फेरीचा नियम बदलल्याचं आम्हाला ठाऊकच नव्हतं! कॅन्सस सिटीनं मात्र त्याची उजळणी केली होती.

सॅन फ्रान्सिस्को समोरच्या टोकापासून नऊ यार्डांपर्यंत पोचलं, चौथ्या डाऊनला चार यार्ड हवे होते, फील्ड गोल घेतला, २२-१९. जुन्या सडन डेथमध्ये इथे सामना संपला असता. आता बघा उत्तर म्हणजे काय असतं. कॅन्सस सिटीची चढाई. आपल्याच बाजूला, ३४ यार्डांच्या आसपास, चौथा डाऊन, एक यार्ड हवा. एरवी अशा जागी पुष्कळ संघ पंट करतात. पण तीन गुणांनी मागे असताना पंट म्हणजे हार. त्यांना नेमकं माहीत होतं काय हवं आहे, म्हणून त्यांना तीन नाही, चारही डाऊन वापरता येत होते. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बचावालाही माहीत होतं, की हा एक यार्ड अडवला की करंडक आपला. एका यार्डावर दोन्ही संघांचं सगळं वर्ष. महोम्स स्वतः चेंडू घेऊन पळाला, आठ यार्ड. मग आणखी एक १९ यार्डांची धाव. शेवटी तीन सेकंद उरले असताना मिकोल हार्डमनला तीन यार्डांचा पास, टचडाऊन, २५-२२.

त्या चौथ्या डाऊनइतका शुद्ध क्षण जुन्या नियमाखाली नाणेफेक जिंकणाऱ्याच्या चढाईत येऊच शकत नव्हता, कारण तिथे फसलं तरी सामना पुढे चालूच राहायचा. मागे असणारा माणूस जेव्हा शेवटचं उत्तर देतो तेव्हाच प्रत्येक पावलाला जीवन-मरणाची किंमत येते. मरणाचं नाव सडन डेथनं घेतलं, पण ते दाखवलं या नियमानं.

२०२५ पासून साखळी सामन्यांनाही दोघांना चेंडू मिळतो. वेळ मात्र दहाच मिनिटं. २०१७ मध्ये पंधराची दहा केली होती ती खेळाडूंच्या शरीराचा विचार करून, आणि तो निर्णय आम्हाला मनापासून मान्य आहे. आपण सोफ्यावर बसून आणखी खेळा म्हणतो; त्यांना दर आठवड्याला उभं राहायचं असतं. दहा मिनिटांचा तोटा म्हणजे बरोबरीची शक्यता वाढते, आणि अमेरिकन प्रेक्षकाला बरोबरी सोसत नाही. २००८ मध्ये फिलाडेल्फिया आणि सिनसिनाटीचा सामना १३-१३ असा सुटला, तेव्हा फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब म्हणाला होता, की सामना बरोबरीत संपू शकतो हेच मला माहीत नव्हतं. त्याची खूप टिंगल झाली. खरं तर १९७४ मध्ये, जादा वेळ लागू झाल्यावरचा साखळीतला पहिला जादा वेळेचा सामना, पिट्सबर्ग आणि डेन्व्हरचा, तोही ३५-३५ असाच सुटला होता.

आणि आता शेवटचा सामना सांगतो, मग तुमचे प्रश्न. २८ सप्टेंबर २०२५, डॅलस विरुद्ध ग्रीन बे. ग्रीन बेनं शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून ३७-३७ केलं. जादा वेळेत डॅलसची चढाई, अगदी तोंडाशी जाऊन अडली, फील्ड गोल, ४०-३७. दुसऱ्या दिवशी टीकाकार म्हणाले, डॅलसनं धाडस करायला हवं होतं. आम्हालाही वाटतं, हवं होतं. मग ग्रीन बेचं उत्तर. घड्याळ पळतंय, ते पुढे सरकताहेत, मध्येच घोटाळा करून सेकंद वाया घालवताहेत, टचडाऊन होतो की काय, होतो की काय, आणि घड्याळात एक सेकंद उरला असताना चेंडू जमिनीवर. त्या एका सेकंदात ब्रँडन मॅकमॅनसनं ३४ यार्डांवरून फील्ड गोल मारला. ४०-४०. कुणीच जिंकलं नाही. खेळाडू काही क्षण मैदानातच उभे राहिले, आता काय करायचं ते न सुचल्यासारखे, आणि मग एकमेकांशी हात मिळवायला लागले. आम्ही त्या वेळी उठून बसलो होतो आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की हातातला चहा गार झालाय.

हं, तिकडे कुणीतरी मघापासून हात वर केलाय. टीबोबद्दलच ना? बोला.